दोनशे तासांचा हिशेब आणि मधले रिकामे महिने

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किती उड्डाण लागते, हे विमान नियम, १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत नीट लिहिलेले आहे. एकूण २०० तास, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या दुसऱ्या ठिकाणापर्यंतचे उड्डाण, त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचे. १० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरचे, ५ तास रात्रीचे, रात्रीची किमान १० टेकऑफ आणि १० लँडिंग. या आकड्यांबद्दल फारसे भांडण नाही. हे २०० तास किती महिन्यांत झाले आणि मध्ये किती आठवडे विद्यार्थी विमानात बसलाच नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. वैमानिक तयार होतो की नुसता तासांचा धनी होतो, हे बरेचसे त्या उत्तरावर अवलंबून असते.

नियमाला उड्डाणातल्या या खंडाची जाणीवच नाही असे म्हणता येणार नाही. पीआयसीच्या १०० तासांपैकी १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले हवेत, अशी अट आहे. पण सहा महिने ही फार सैल दोरी आहे. पंधरवड्यात १५ तास उरकून पुढचे पाच महिने गावी जाऊन बसलेला विद्यार्थीही या अटीत बसतो. अमेरिकेतली व्यवस्था इथे जास्त काटेकोर आहे. तिथे विद्यार्थ्याला एकट्याने उडण्याची इन्स्ट्रक्टरची लेखी परवानगी ९० दिवसांनी संपते, पुन्हा तपासून पुन्हा सही घ्यावी लागते. प्रॅक्टिकल टेस्टच्या आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत किमान ३ तास त्या टेस्टच्याच तयारीचे प्रशिक्षण झाले पाहिजे, असाही नियम आहे. अमेरिकेचे सगळेच उचलावे असे नाही. तिथल्या सवयी घेऊन परतलेल्या मुलांना आपल्या रेडिओ पद्धतीशी जुळवून घेताना किती त्रास होतो, हे इथले इन्स्ट्रक्टर जाणतात. तरीही कौशल्य शिळे होते, हे तिथल्या नियमाने दिवसांत मोजले आहे आणि आपण अजून ढोबळ महिन्यांतच मोजतो.

खंड का पडतो? संस्थेला विचारले तर हवामान, विद्यार्थ्याला विचारले तर विमान नव्हते, पालकांना विचारले तर बँकेचा हप्ता अडकला. तिन्ही उत्तरे खरी असतात. पण मूळ कारण बहुतेक वेळा प्रवेशाच्या दिवशीच तयार झालेले असते आणि ते साध्या गुणाकारात दिसते. एखाद्या संस्थेकडे १० विमाने आहेत असे धरू. दर १०० तासांची तपासणी, सुटे भाग येईपर्यंत हँगरमध्ये उभे राहणे, २,००० तासांच्या आसपास येणारा इंजिनाचा ओव्हरहॉल हे सगळे वजा जाता एका विमानाने महिन्याला ६० तास दिले तर ते चांगले चालले म्हणायचे. म्हणजे महिन्याला ६०० तास. जून ते सप्टेंबर सोडले तर आठ महिन्यांत ४,८०० तास. भागिले २००, म्हणजे २४ विद्यार्थी. पावसाळ्यात अधूनमधून मिळणारे दिवस आणि सिम्युलेटरचे तास धरून फार तर तीस. त्याच संस्थेने ५० मुलांची फी घेतली, तर उरलेल्या वीस जणांचा खंड हवामानाने पाडला असे कसे म्हणायचे? तो वेळापत्रकातच होता.

महाराष्ट्रात हे जास्त बोचते, कारण इथे पावसाळा कधी येणार हे शाळकरी पोरालाही माहीत असते. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर जुलैत दिवसचे दिवस ढग खाली उतरलेले असतात. बारामती पर्जन्यछायेत असल्याने पाऊस कमी, पण पश्चिमेचा वारा आणि खालचे ढग तिथेही सोलो, म्हणजे एकट्याने उडणाऱ्या, विद्यार्थ्याला जमिनीवरच ठेवतात. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहून, उडायला ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून ठरलेले अंतर लागते, ते दुपारी तासभर मिळाले तरी रांगेत वीसजण असतात. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने जळगावसह पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जागा दिल्या, त्याचे स्वागतच झाले. पण संस्था वाढल्या म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे सलग उड्डाण वाढले असे होत नाही. त्यासाठी विमाने, इंजिनिअर आणि टिकून राहणारे इन्स्ट्रक्टर लागतात. इन्स्ट्रक्टर एअरलाइनची नोकरी मिळाली की जातो आणि त्याच्याकडचे विद्यार्थी दुसऱ्याच्या यादीत शेवटी जाऊन बसतात.

कधी खंड अपघातामुळेही पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. थांबवणे योग्यच होते. पण ज्यांचा काही दोष नव्हता त्या विद्यार्थ्यांचे पुढे काय करायचे, त्यांची रखडलेली उड्डाणे कुठे आणि कुणाच्या खर्चाने पूर्ण व्हायची, याची कुठलीही ठरलेली पद्धत आपल्याकडे नाही.

आता खंडात नेमके काय बिघडते ते पाहू, कारण इथे विद्यार्थीच नाही तर इन्स्ट्रक्टरही फसतात. दोन महिन्यांनी परत आलेला मुलगा विमान सरळ उडवतो, वळणे घेतो, उंची धरतो. इन्स्ट्रक्टरला वाटते, जमतेय की. हाताला आलेले नियंत्रण बऱ्यापैकी टिकते, हे खरे. आधी जातो तो क्रम: काय आधी करायचे आणि काय नंतर. आणि हा क्रम सर्वसाधारण उड्डाणात दिसतच नाही, आणीबाणीत दिसतो. नाक खाली आणि वेग वाढत चाललेल्या बिकट स्थितीतून सावरताना आधी थ्रॉटल मागे, मग पंख समतल, मग हलकेच नाक वर. खंडानंतरचा विद्यार्थी आधी स्टिक ओढतो. वळलेल्या अवस्थेत ओढले की घिरटी अधिक आवळते आणि पंखांवरचा भार वाढतो. नाक वर असताना उलट क्रम, आधी पॉवर, मग नाक खाली. दोन्ही क्रम त्याला तोंडपाठ असतात, लेखी परीक्षेत त्याने त्यांचे गुणही मिळवलेले असतात. बाहेरचे दिसू न देणाऱ्या हूडखाली बसवून डोळे मिटायला सांगा, विमान वेडेवाकडे करून त्याच्या हातात द्या आणि दोन सेकंदांत काय होते ते पाहा.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेले तर काय, हेही तसेच. सेसना १७२एस हे प्रशिक्षण विमान ७४ नॉटला (ताशी सागरी मैल) नाक वर करून चढत असते. पॉवर गेली की वेग काही क्षणांत ओसरतो, म्हणून पहिली कृती नाक खाली, ७० नॉटच्या आसपास, आणि समोरच जागा शोधणे. सरावात असलेला विद्यार्थी हे विचार न करता करतो. दोन महिने न उडालेला आधी इंजिनाच्या घड्याळांकडे पाहतो, मग मागे वळून धावपट्टीकडे. ५०० फुटांवर मागे वळण्याचा मोह हा प्रशिक्षण विमानांच्या अपघातांचा जुनाच मार्ग आहे.

लँडिंगची गोष्ट वेगळी. तिथे नजर बिघडते. सरावात असताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे जाते, खंडानंतर ती नाकाच्या पुढच्या पंचवीस मीटरवर अडकते. मग फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच वर घेणे, एक तर उंचावर होतो किंवा उशिरा. शिवाय भीतीपोटी वेग जास्त ठेवला जातो. ६५ नॉटऐवजी ७५ नॉटने आले तर विमानाची गतिज ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने वाढते. ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते, म्हणून विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि विद्यार्थी ते जबरदस्तीने खाली टेकवतो. पुढच्या चाकावर आदळणे, उसळणे, पुन्हा आदळणे हे सगळे तिथून सुरू होते. उपाय म्हणून फ्लेअरच घोटत बसण्यात अर्थ नसतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, ट्रिम (हाताचा जोर न लावता विमानाचे नाक ठरलेल्या जागी धरणारी जुळणी) लावलेला नसतो, हेच बहुतेकदा मूळ असते. ट्रिम नसला की हात विमानाशी झगडत राहतो आणि वेग पाच-दहा नॉट वरखाली होतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. खंडात विद्यार्थी जसा बदलतो, तसे हवामानही बदलते. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. मेच्या दुपारी तापमान ४० अंश झाले की घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, ५,५०० फुटांच्या आसपास जाते, आणि पूर्ण वजनाच्या १७२एसची जमिनीवरची धाव समुद्रसपाटीवरच्या प्रमाण दिवसाच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते. जानेवारीच्या थंड सकाळी सोलो झालेला आणि मेमध्ये परतलेला विद्यार्थी त्याच नोंदणी क्रमांकाच्या पण वेगळ्याच विमानात बसतो. घनता-उंचीचे गणित त्याला परीक्षेपुरते येते. आजच्या तापमानाला आपले चाक कुठे सुटणार हे धावपट्टीवर बोट ठेवून सांगायला सांगितले की गाडी अडते. लेखी परीक्षेतल्या ७० टक्क्यांनी हा खड्डा झाकला जातो, भरला जात नाही.

खंडानंतर परतताना काय करावे, याचा साधा आराखडा संस्थेने लेखी द्यायला हवा. काही ठिकाणी तो असतोही, पण पाळला जातो तो विमान मोकळे असेल तर. दहा दिवसांपर्यंतच्या खंडाला नीट ब्रीफिंग पुरते. महिन्याभराच्या खंडानंतर एक तास इन्स्ट्रक्टरसोबत. तीस ते नव्वद दिवसांना किमान तीन वेगळी उड्डाणे: पहिले फक्त ट्रेनिंग एरियात, ट्रिमसह सरळ उड्डाण, मंद वेगाचे उड्डाण, दोन्ही प्रकारचे (पॉवरसह आणि पॉवरविना) स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणे, स्टीप टर्न, म्हणजे जास्त कलाचे वळण, दुसरे सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीची फेरी आणि लँडिंग, आणि तेही टच-अँड-गो (टेकून लगेच पुन्हा उडणे) न करता प्रत्येक वेळी पूर्ण थांबून, कारण टच-अँड-गोच्या घाईत लँडिंगची चूक विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याआधीच पुढचा टेकऑफ सुरू होतो, तिसरे आणीबाणीचे. नव्वद दिवसांपुढे सोलोची परवानगी आपोआप रद्द व्हावी आणि दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने तपासल्यावरच परत मिळावी. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी सर्किटला नेतात, कारण त्यात लँडिंगची संख्या वाढते. हे उलटे आहे. हात आणि ट्रिम परत येण्याआधी लँडिंग घोटले की चुकीची सवय पक्की होते.

पावसाळ्याचे चार महिने वाया जायलाच हवेत असेही नाही. उभ्या विमानात, इंजिन बंद ठेवून, अर्धा तास बसून पूर्ण उड्डाण तोंडाने बोलत करणे फुकट आहे आणि क्रम टिकवण्यासाठी त्याच्याइतके उपयोगी काही नाही. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची, तपासणी १,८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), एका मॅग्नेटोवर घट १५० पेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. हे बोलताना हात त्या किल्लीवर गेला पाहिजे. सिम्युलेटर इन्स्ट्रुमेंट स्कॅनसाठी, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवण्याच्या सवयीसाठी, उत्तम, फ्लेअरसाठी निरुपयोगी. आणि लेखी परीक्षा, रेडिओची परीक्षा याच काळात उरकाव्यात. कितीतरी मुले कोरड्या हंगामात नेव्हिगेशनच्या पेपरसाठी उड्डाण थांबवतात आणि पावसाळ्यात पेपर संपवून आकाशाकडे पाहत बसतात.

स्किल टेस्टची तयारी हा या खंडाचाच पुढचा अंक. दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची २५० सागरी मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची १२० मैलांची. बहुतेक संस्थांत मॉक टेस्ट होते, पण ती मॉक नसते. इन्स्ट्रक्टर मध्येच बोलतो, हात पुढे करतो, चुकले की पुन्हा करायला सांगतो. टेस्टच्या आठवडाभर आधीची मॉक टेस्ट नेहमीच्या इन्स्ट्रक्टरने घेऊच नये. जो घेईल त्याने सुरक्षिततेचा प्रश्न येईपर्यंत गप्प राहावे. विद्यार्थी बिथरतो तो चुकीने नव्हे, शेजारच्या शांततेने. ती शांतता त्याने टेस्टआधी एकदा तरी अनुभवलेली असावी. आणि एक चूक झाल्यावर पुढच्या दोन मिनिटांत तो काय करतो, हे चुकीपेक्षा महत्त्वाचे. स्टीप टर्नमध्ये १५० फूट गमावले, तर ते मान्य करून उंची परत घेणारा सावरतो. मनात तोच टर्न घोळवणारा पुढची फोर्स्ड लँडिंगही (इंजिन बंद पडल्यावर शेतात उतरण्याचा सराव) घालवतो.

फोर्स्ड लँडिंगमध्ये एक गणित हाताशी हवे: १७२ प्रकारचे विमान वारा नसताना १,००० फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगते. जमिनीपासून ३,००० फुटांवर म्हणजे साडेचार मैल, पण वळणे आणि सर्किटचा आकार धरून निम्म्याच अंतरातले शेत निवडावे. मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबरला हिरवे दिसणारे शेत उभ्या तुरीचे किंवा कपाशीचे असते. नांगरलेल्या जमिनीत उतरावे लागलेच तर सरींना समांतर. परीक्षक विचारतो तेव्हा अशी उत्तरे यायला हवीत. मॅन्युअलमधले वाक्य म्हणून दाखवण्याने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

क्रॉस-कंट्रीत लोक नापास होतात ते नकाशावरून कमी आणि इंधन-वजनाच्या कागदावरून जास्त. सेसना १५२ चे कमाल वजन ७५७ किलो. रिकामे विमान उपकरणांसह ५१५ किलोच्या आसपास, टाक्या भरल्या तर ६७ किलो इंधन. उरले १७५. विद्यार्थी ८५ आणि परीक्षक ९५ किलोचा असेल तर पूर्ण टाकी भरून विमान उडवताच येत नाही, बॅग बाजूलाच राहिली. हे टेस्टच्या सकाळी परीक्षकाने दाखवून द्यावे लागले तर टेस्ट तिथेच डळमळते. मार्ग बदलायला सांगितल्यावर आधी अंदाजाने हेडिंग घेऊन विमान वळवायचे, मग वेळ, मग इंधन. पट्टी-प्रोट्रॅक्टर काढून गुडघ्यावर भूमिती मांडणारा विद्यार्थी तेवढ्यात उंचीही सोडतो आणि बाहेर पाहणेही.

परीक्षकांचा विषय नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. अनेकदा परीक्षक त्याच संस्थेतले वरिष्ठ असतात. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण विद्यार्थी वर्षभर रखडला, कर्जाचे व्याज चढले, संस्थेवर पालकांचा दबाव, अशा वेळी त्याला परत दहा तास उडायला लावणारा निर्णय घेणे त्याच छपराखाली बसणाऱ्याला जड जाते. गोंदियाचा परीक्षक धुळ्याला आणि धुळ्याचा बारामतीला पाठवणे खर्चिक आहे, अशक्य नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने आणि फुगवलेले तास उघडकीस आले, तेव्हा कागदांची तपासणी कडक झाली. खऱ्या तासांमधली पोकळी मात्र कागदाला दिसत नाही, ती बाहेरच्या माणसाला उजव्या सीटवरून दिसते.

डीजीसीएने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली आणि सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ही चांगली सुरुवात. पण पालकांच्या हाती पडते ते एक अक्षर. त्याऐवजी प्रत्येक संस्थेने तीन आकडे जाहीर करावेत: पहिल्या सोलोपासून परवान्याच्या अर्जापर्यंत लागलेले सरासरी महिने, तीस दिवसांहून मोठे खंड किती विद्यार्थ्यांना पडले, आणि उडण्याजोग्या प्रत्येक विमानामागे विद्यार्थी किती. ही सगळी माहिती संस्थेकडे आधीच आहे. टेक लॉग (विमानाच्या उड्डाणांची आणि दुरुस्तीची नोंदवही) आणि ऑथरायझेशन बुकात (कुणाला उडायची परवानगी दिली याची नोंद) ती रोज लिहिली जाते.

संस्था म्हणतील, प्रवेश कमी केले तर फी वाढेल. वाढेलच. उड्डाणाचा तासाचा दर आणि लाखांच्या घरातला एकूण खर्च पाहता ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आजही विद्यार्थी ती किंमत मोजतोच: खंडानंतरची जादा उड्डाणे, मुदत संपलेल्या चाचण्या पुन्हा देणे, बँकेचे व्याज. फरक इतकाच की ती बिलावर आधी छापलेली नसते. खंड संस्थेच्या बाजूने, म्हणजे विमान, इंजिनिअर किंवा इन्स्ट्रक्टर नसल्याने पडला असेल तर पुन्हा सरावात आणणारी उड्डाणे संस्थेच्या खर्चाने व्हावीत, आणि विद्यार्थ्याच्या बाजूने पडला असेल तर त्याच्या. प्रवेशाच्या करारात असे कलम क्वचितच दिसते. ते येईपर्यंत पालकांनी ब्रोशरमधल्या विमानांचे फोटो बाजूला ठेवून गेल्या ऑक्टोबरचा टेक लॉग मागावा: किती विमाने उडाली, एकूण किती तास, आणि त्या महिन्यात संस्थेच्या यादीत विद्यार्थी किती होते.